लाडकी जुनी गाडी विकताय? आधी चांगला मालक शोधा

घरातल्या जुन्या गाडीला बहुधा एक नाव असते. कुणी तिला ‘छकुली’ म्हणते, कुणी ‘लाल परी’, तर कुणाकडे ती नुसतीच ‘आपली गाडी’ असते. बाळाला दवाखान्यातून घरी आणले ते तिच्यातून, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आल्या त्या तिच्या डिकीतून, आणि लेकीने क्लच सोडायला शिकताना दिलेले धक्केही तिनेच सोसले. दर दसऱ्याला झेंडूचा हार घालून तिची पूजा होते. मग एक दिवस नवी गाडी येते, वडिलांची नजर कमी होते किंवा बदलीमुळे शहर सुटते आणि प्रश्न उभा राहतो: हिचे आता काय करायचे?

अशा वेळी बऱ्याच घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत गाडी दोन-दोन वर्षे दारात उभी राहते. नाहीतर कंटाळून ती पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाते. दोन्हींत नुकसान आहे. गाडी चांगल्या माणसाकडे जावी असे वाटण्यात माया आहेच, पण त्यात आपल्या कुटुंबाची सुरक्षितताही आहे. कारण किल्ली दिली तरी सरकारी नोंदीत आपले नाव राहिले, तर त्या गाडीची जबाबदारीही आपलीच राहते. म्हणून चांगला मालक कोण, तो कसा शोधायचा आणि गाडी खऱ्या अर्थाने त्याच्या हाती कशी सोपवायची, हे नीट समजून घेऊ या.

दारात उभी गाडी लवकर खराब होते

१४ डिसेंबर १९८३ रोजी भारतातल्या पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. हरपाल सिंग यांनी ती गाडी आयुष्यभर जपली, विकली नाही. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर ती गाडी घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे तिची डागडुजी झाली आणि आता ती कंपनीने जपून ठेवली आहे. ती देशातली पहिली मारुती होती, म्हणून तिच्या नशिबी हे आले. आपल्या-तुपल्या गाडीसाठी असे कुणी धावून येत नाही.

गाडी चालवली नाही म्हणून ती टिकत नाही, उलट ती आतून बिघडते. बॅटरी उतरते. एकाच जागी वजन पडून टायर चपटतात. टाकीतले पेट्रोल शिळे होते. ब्रेक जाम होतात. बॉनेटखाली उंदीर शिरले तर वायरी कुरतडतात. पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडा आणि फूटबोर्डचा पत्रा गंज धरतो. म्हणजे मायेपोटी ठेवलेली गाडी वर्षभरात अशी होते, की तिला चांगला मालक मिळणेच अवघड होते. विकायची असेल तर ती चालू आणि वापरात असतानाच विका. ते शक्य नसेल तर विकली जाईपर्यंत आठवड्यातून एकदा तरी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा.

विकायची की मोडीत द्यायची?

हा निर्णय सगळ्यात आधी घ्या आणि तो तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला विचारून घ्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२२ मध्ये मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. गाडीची मुदत वर्षभरात संपत असेल, तर हा खर्च कोण करणार हे आधीच ठरवावे लागते. मुदत वाढवून घेतलेल्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि ते निर्धास्तही असते.

मात्र चेसिसचा पत्रा सडला असेल, स्टिअरिंग किंवा ब्रेकमध्ये मोठा दोष असेल आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर ती कुणाच्याही गळ्यात मारू नका. अशी गाडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना राज्याच्या नियमांप्रमाणे रोड टॅक्समध्ये कमाल २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी विकण्याचा मोह टाळा. आरटीओत नोंदणी रद्द झाली नाही, तर तुमच्या गाडीचा नंबर दुसऱ्याच गाडीवर लागण्याचा धोका राहतो.

आणि एखाद्याच्या अंगणात आजोबांच्या काळातली फियाट किंवा अॅम्बॅसॅडर असेल, तर तिचा हिशेब वेगळा आहे. ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अशा गाडीसाठी बाजारातला दलाल नव्हे, जुन्या गाड्यांचा छंद जपणारा माणूस शोधावा.

कागद आधी, जाहिरात नंतर

चांगले गिऱ्हाईक दाराशी येते आणि कागद पूर्ण नाहीत म्हणून परत जाते, असे पुष्कळदा होते. म्हणून जाहिरातीआधी एक फाइल तयार ठेवा. तिच्यात आरसी, चालू विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या, गाडीसोबत आलेले पुस्तक आणि सर्व्हिसिंगची बिले हवीत. त्याशिवाय पुढच्या गोष्टी तपासा.

कर्ज फिटले असले तरी आरसीवर बँकेचे नाव असू शकते. बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो बोजा आरटीओत उतरवून घ्या. परिवहन पोर्टलवर किंवा वाहतूक पोलिसांच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून ई-चलन बाकी आहे का ते पाहा आणि ते भरून टाका. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक झाली आहे. ती बसवली नसेल तर नाव बदलताना काम अडू शकते.

गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असेल तर थेट विकता येत नाही. ती आधी वारसाच्या नावावर करावी लागते. नियमानुसार मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. दुःखाच्या दिवसांत गाडीकडे कुणाचे लक्ष नसते हे खरे, पण भावंडांपैकी एकाने हे काम अंगावर घेतले तर पुढचा मनस्ताप वाचतो. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवण्याचीही सोय आहे. घरात दुसरी गाडी असेल तर तिच्यासाठी ती आजच करून घ्या.

खर्च किती करावा आणि किंमत काय सांगावी?

विकण्याआधी पूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून घेणारे पुष्कळ असतात. त्याचा उपयोग क्वचितच होतो. जुन्या गाडीवर नवा कोरा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘कुठे ठोकली होती?’ त्याऐवजी गाडी आतून-बाहेरून स्वच्छ धुवा, ऑइल आणि फिल्टर बदला, दिवे, वायपर, हॉर्न चालतात ना ते पाहा. ब्रेक आणि टायर यांवर मात्र हात आखडू नका. टायर गुळगुळीत झाले असतील तर बदला, किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी करतो असे स्पष्ट सांगा. नव्या मालकाच्या घरची माणसे त्याच टायरांवर घाट उतरणार आहेत.

किंमत ठरवताना त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या आणि जवळपास तितक्याच किलोमीटरच्या आठ-दहा गाड्यांच्या जाहिराती पाहा. तिथे दिसतो तो सांगितलेला भाव असतो, व्यवहार त्याखालीच होतो. विमा पॉलिसीत लिहिलेली आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे. गाडी कुठल्या पासिंगची आहे, कितवा मालक आहे, आरसीची किती वर्षे शिल्लक आहेत, यावरही भाव ठरतो. आपल्या आठवणींची किंमत त्यात मिळवू नका. ती दुसऱ्याला दिसत नाही आणि त्याने ती द्यावी अशी अपेक्षाही बरोबर नाही. मनात दोन आकडे पक्के करा: एक सांगायचा आणि दुसरा ज्याच्या खाली जायचे नाही तो. दोन्ही आकडे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. नाहीतर बाबा फोनवर एक सांगतात आणि मुलगा दारात दुसरेच.

जाहिरातीत दोषही लिहा

‘एकदम मस्त कंडिशन, एक रुपयाचेही काम नाही’ असे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेले असते, म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. चांगल्या मालकाला बोलवायचे असेल तर खरी माहिती द्या. एक नमुना पाहा:

‘वॅगन आर, २०१३, पेट्रोल, एमएच-१२ पासिंग, पहिला मालक. ८१,००० किमी. आरसी २०२८ पर्यंत. विमा चालू, कर्ज नाही, चलन बाकी नाही. मागच्या चार वर्षांची सर्व्हिसिंगची बिले आहेत. पुढचे दोन टायर मागच्या वर्षी बदलले. दोष: डाव्या मागच्या दाराला पोच आहे. एसी भर दुपारी कमी पडतो. क्लच प्लेट वर्षभरात बदलावी लागेल. एअरबॅग नाही. घरगुती वापरासाठी गाडी घेणाऱ्याला प्राधान्य. नाव बदलून देऊनच व्यवहार होईल.’

या जाहिरातीला फोन कमी येतील, पण येतील ते कामाचे असतील. दोष आधीच लिहिल्यामुळे ते दाखवून भाव पाडण्याची संधीही उरत नाही. एअरबॅगचा उल्लेख मुद्दाम केला आहे. चालकासाठीची एअरबॅग भारतात १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलमध्ये ती नसते. लहान मुले घेऊन हायवेवर जाणाऱ्या कुटुंबाला हे माहीत असायला हवे. आजकाल गिऱ्हाईक २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दलही विचारते. जुन्या बऱ्याच गाड्या या इंधनासाठी खास बनवलेल्या नाहीत. कंपनीच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते दाखवा, आणि गेल्या काही महिन्यांत रबरी नळ्या किंवा मायलेजबद्दल काही जाणवले असेल तर तेही सांगा.

फोटो दिवसा उजेडात काढा: चारही बाजू, आतला भाग, इंजिन, डिकी, मीटरवरचे किलोमीटर आणि ती पोचसुद्धा. आरसीचा आणि आधारचा फोटो मात्र जाहिरातीत टाकू नका.

जाहिरातीपेक्षाही चांगला मार्ग म्हणजे ओळखी. सोसायटीचा ग्रुप, कार्यालयातले सहकारी, नातेवाईक यांना कळवा आणि सगळ्यात आधी तुमच्या गॅरेजवाल्याला सांगा. गाडीची नाडी त्याला माहीत असते आणि ‘एखादी विश्वासाची जुनी गाडी असेल तर सांगा’ म्हणणारी माणसेही त्याच्याकडेच येतात.

चांगला मालक ओळखायचा कसा?

चांगला मालक म्हणजे जास्त पैसे देणारा असे नाही आणि गोड बोलणारा असेही नाही. तो त्याच्या प्रश्नांवरून कळतो. ‘शेवटचे किती?’ हा ज्याचा पहिला प्रश्न आहे, त्याला बहुधा गाडी पुढे विकायची असते. ज्याला ती वापरायची आहे तो विचारतो: रोज किती चालायची? सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होते का? सर्व्हिसिंग कुठे करत होता? क्लच कधी बदलला? तो स्वतःचा मेकॅनिक घेऊन येतो, लिफ्टवर चढवून खालून पाहू का विचारतो. याचा राग मानू नका. जो आज इतके बारकाईने पाहतो, तो उद्या ऑइलही वेळेवर बदलतो.

तुम्हीही मोकळेपणाने चार गोष्टी विचारा. गाडी कोण चालवणार? परवाना आहे का? ठेवणार कुठे? रोजचा वापर किती? चालवायला शिकणाऱ्या तरुणीला शहरात फिरायला छोटी गाडी हवी असेल तर तुमची जुनी हॅचबॅक तिला उत्तम. पण रोज दोनशे किलोमीटर घाटातून माल न्यायचा असेल तर त्या माणसाला ‘ही गाडी तुमच्या कामाची नाही’ असे सांगून टाकावे. त्यात त्याचेही भले आहे. आडनाव, गाव, भाषा यावरून मात्र माणूस जोखू नका. गाडीला जपणारे हात कुठल्याही घरात असतात.

माझ्या सासऱ्यांनी मोतीबिंदूनंतर गाडी चालवणे थांबवले, तेव्हा त्यांची बारा वर्षांची गाडी पाहायला चार जण आले होते. सर्वांत जास्त आकडा सांगणाऱ्याची अट होती की पैसे रोख घ्या, फॉर्मवर सह्या द्या, नाव पुढे कुणाचे लावायचे ते आम्ही पाहू. दुसरा गाडी न बघताच भाव पाडत होता. तिसऱ्याला ती लांबच्या प्रवासासाठी हवी होती, त्याला सासऱ्यांनीच नको म्हटले. चौथी व्यक्ती जवळच्या तालुक्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या मेकॅनिकसोबत आल्या, तासभर गाडी पाहिली, सासऱ्यांची सर्व्हिसिंगची वही चाळली आणि पहिल्यापेक्षा १२,००० रुपये कमी सांगितले. पण स्वतःहून म्हणाल्या, ‘काका, आपण दोघे मिळूनच आरटीओचे काम करू, म्हणजे तुम्हालाही काळजी नको.’ सासऱ्यांनी गाडी त्यांना दिली. घरात त्या १२,००० रुपयांवरून थोडी कुरबुर झाली. सासरे एवढेच म्हणाले, ‘रात्री शांत झोप लागते, तिची किंमत धर.’

ट्रायल आणि पैसे

ट्रायलला किल्ली देण्याआधी परवाना पाहा, त्याचा फोटो घ्या आणि स्वतः गाडीत बसा. भेट दिवसा ठेवा. शक्यतो घरातले आणखी कुणीतरी सोबत असू द्या. आरसीची मूळ प्रत दाखवा, पण देऊ नका.

विसार घेतला तर त्याची दोन ओळींची पावती करा: रक्कम किती, उरलेले पैसे कधी, व्यवहार मोडला तर विसार परत मिळणार की नाही. उरलेली रक्कम बँकेतून घ्या. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. ऑनलाइन विक्रीत एक जुनी फसवणूक अजून चालते. समोरचा म्हणतो, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ लक्षात ठेवा, यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पाहून किल्ली देऊ नका. बँकेच्या ॲपमध्ये जमा झालेले दिसले पाहिजेत.

नाव बदलले की गाडी विकली गेली

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात निकाल दिला. मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली. पण आरटीओतले नाव कुणीच बदलले नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, त्यात एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले की ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे, कायद्याने तोच मालक. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसावर भरपाईची जबाबदारी आली. अपघातात पोळलेल्या कुटुंबाने मालक शोधत एका हातातून दुसऱ्या हाताकडे फिरत राहू नये, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे.

म्हणून चांगल्या मालकाची पहिली खूण हीच: तो गाडी ताबडतोब स्वतःच्या नावावर करून घेतो. ‘नंतर करू’, ‘एजंटकडे फॉर्म देऊन ठेवा’, ‘नाव कोरेच राहू द्या’ असे म्हणणाऱ्याने कितीही भाव दिला तरी नको म्हणा. खरेदीदाराचे नाव न लिहिलेल्या फॉर्मवर सही करणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करण्यासारखे आहे.

काम फार अवघड नाही. विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचे असते. गाडी त्याच राज्यात विकली असेल तर ही मुदत १४ दिवसांची आहे. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत फॉर्म ३० भरून आपले नाव लावून घ्यायचे असते. सोबत आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅन लागतात. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो. तिथला ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून जुना नंबर बंद असेल तर तो आधी बदलून घ्या. पैसे आणि किल्लीची देवाणघेवाण होईल त्याच दिवशी दोघांनी शेजारी बसून अर्ज भरावा, हे उत्तम. अर्जाच्या पावतीची प्रत जपून ठेवा.

डीलरला गाडी देणार असाल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत पत्र घ्यावे लागते. अशा डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला जातो आणि पुढचा मालक मिळेपर्यंत जबाबदारी त्या डीलरवर येते. हा फॉर्म भरल्याची पावती हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका. डीलर भाव थोडा कमी देतो आणि गाडी पुढे कुणाकडे जाईल हेही आपल्या हातात राहत नाही. पण घाईने शहर सोडावे लागत असेल तर हा मार्ग सुरक्षित आहे.

गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर

इंदूरहून नागपूरला, बडोद्याहून नाशिकला किंवा बेळगावहून कोल्हापूरला गाडी विकली जाते, तेव्हा मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. नव्या राज्यात पुन्हा नोंदणी होते, तिथला रोड टॅक्स भरावा लागतो आणि नंबर बदलतो. हा खर्च मोठा असू शकतो. तो घेणाऱ्याला माहीत आहे ना, याची खात्री करा. तो ऐकून मागे हटला तर हटू द्या. नाहीतर वर्षानुवर्षे गाडी तिकडे फिरते आणि नाव तुमचेच राहते.

दिल्ली आणि आसपासच्या वाचकांनी अधिक जपून राहावे. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी बंधने आली आणि २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात गेला. गाडी विकण्याआधी त्या दिवशीचा नियम काय आहे ते आरटीओत विचारून घ्या आणि नोंदणीची मुदत संपण्याच्या बरेच आधी ना हरकत प्रमाणपत्राचे काम सुरू करा.

विमा, फास्टॅग आणि ताबा पावती

विमा गाडीसोबत जातो. पण घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घ्या. ते तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यासाठी वापरता येते. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत असते. जुनी गाडी विकताना हे पत्र घ्यायचे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

फास्टॅग बंद करा आणि स्टिकर काढून टाका, नाहीतर पुढच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जातील. सोसायटीचे आणि ऑफिसचे पार्किंगचे स्टिकर, गेटचा रिमोट, स्टिरिओमध्ये जोडलेला फोन, नकाशात साठवलेला घरचा पत्ता हे सगळे काढा. सीटखाली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एकदा हात फिरवा. जुनी औषधाची चिठ्ठी, बँकेची स्लिप, मुलाचे हरवलेले खेळणे तिथे सापडते.

शेवटी दोन प्रतींत ताबा पावती करा. तिच्यात गाडीचा नंबर, इंजिन व चेसिस नंबर, किलोमीटर, किंमत, दोघांची नावे आणि पत्ते, दिलेल्या वस्तू, आणि तारखेसोबत वेळही लिहा. वेळ महत्त्वाची आहे, कारण संध्याकाळी पाच वाजता गाडी दिली आणि सहा वाजता कॅमेऱ्याने चलन कापले, तर ते कुणाचे हे त्या पावतीवरूनच ठरते.

घरच्यांनाही सामील करून घ्या

मोठ्यांच्या हातून गाडी जाते तेव्हा त्यांच्या हातून थोडे स्वातंत्र्यही जाते. ‘बाबा, आता विकून टाकू’ असे अचानक सांगितले तर ते दुखावतात. त्यांनाच घेणाऱ्याशी बोलू द्या. गाडी थंडीत कशी सुरू करायची, कुठल्या गिअरला थोडा खडखडाट येतो, कुठला पंप बरा, हे ज्ञान त्यांच्याकडेच असते आणि नव्या मालकाला ते हवेही असते. सर्व्हिसिंगची वही त्यांच्याच हाताने द्या. मुलांना रडू आले तर येऊ द्या. गाडीसोबत सगळ्यांचा एक फोटो काढा, हवी तर नारळ-हळदकुंकवाने पाठवणी करा. काहीजण जुनी की-चेन आठवण म्हणून ठेवतात. तेही छान.

नव्या मालकाला दोन-तीन महिने फोन करायला मोकळीक द्या. पण ‘गाडी नीट ठेवली का?’ असे विचारत सारखे मागे लागू नका. गाडी आता त्यांची आहे. मधल्या काळात एक काम तुमचे उरते. काही आठवड्यांनी परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा. मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, पण नाव बदलले की नाही ते कळते. बदलले नसेल तर त्याच दिवशी फोन करा आणि अर्ज कुठे अडला ते दोघे मिळून सोडवा. बदलले असेल तर ताबा पावती फाइलमध्ये लावा आणि निश्चिंत व्हा. तुमची लाडकी गाडी आता खरोखर दुसऱ्या घरची झाली.